भोसले घराण्याचे मूळ

भोसले घराण्याचे मूळ हा मराठ्यांच्या इतिहासातील एक वादग्रस्त प्रश्न आहे. शिवाजी महाराजांचे पणजोबा बाबाजी भोसले यांच्यापर्यंतची वंशपरंपरा सर्वसाधारणपणे मान्य आहे. त्यांच्या आधीच्या पिढ्यांविषयी मात्र बखरी, संस्कृत काव्ये, फर्माने आणि शिलालेख यांतून परस्परविरोधी माहिती मिळते. मेवाडच्या सिसोदिया राजघराण्याशी नाते सांगणारी परंपरा सर्वांत प्रसिद्ध आहे. हे घराणे दक्षिणेतीलच असून त्याचा संबंध होयसळ-यादवांशी असल्याचे मत नंतरच्या काळात मांडले गेले.

ज्ञात पिढ्या

बाबाजींकडे हिंगणी बेर्डी व देऊळगाव या गावांची पाटिलकी असल्याचे सांगितले जाते. त्यांचे पुत्र मालोजी व विठोजी हे निजामशाहीच्या सेवेत होते. वेरूळ येथेही या घराण्याचा अधिकार होता. मालोजींचा विवाह फलटणच्या नाईक-निंबाळकर घराण्यातील उमाबाई यांच्याशी झाला. शहाजी आणि शरीफजी हे त्यांचे पुत्र.

या पिढ्यांची नावे निश्चित असली तरी त्यांच्या सनावळ्या जुळत नाहीत. शहाजीराजांचा जन्म अनेक ग्रंथांत १५९४ मधील दिला आहे. मालोजींचा मृत्यू काही अभ्यासक १६०६ च्या सुमारास, तर काही १६२० च्या सुमारास मानतात. कवींद्र परमानंद यांच्या ‘शिवभारत’ या काव्यानुसार मालोजी इंदापूरच्या लढाईत पडले तेव्हा शहाजी पाच वर्षांचे होते व पुढे विठोजींनी पुतण्यांचा सांभाळ केला. हे ग्राह्य धरल्यास १५९४ हे जन्मवर्ष वरीलपैकी कोणत्याही मृत्युवर्षाशी जुळत नाही. शिवाय मालोजींनी लखुजी जाधवरावांकडे आग्रह धरून शहाजी-जिजाबाईंचा विवाह घडवून आणला, ही उत्तरकालीन बखरींतील लोकप्रिय कथाही अडचणीत येते. ‘शिवभारत’ शिवकाळातच रचले गेले असल्याने या बाबतीत त्याचे वजन अधिक आहे.

सिसोदिया परंपरा

६ जून १६७४ रोजी रायगडावर झालेल्या राज्याभिषेकाच्या वेळी या प्रश्नाला व्यावहारिक महत्त्व आले. वैदिक पद्धतीच्या अभिषेकासाठी क्षत्रियत्व सिद्ध होणे आवश्यक मानले जात होते. कृष्णाजी अनंत सभासद यांनी जिंजी येथे राजाराम महाराजांच्या काळात लिहिलेल्या बखरीनुसार, गागाभट्टांनी वंशाचा शोध घेतला व भोसले हे उत्तरेतून दक्षिणेत आलेले सिसोदे क्षत्रिय असल्याचा निर्णय दिला. ही वंशावळ राज्याभिषेकासाठीच तयार करण्यात आली, असे मत जदुनाथ सरकार यांनी मांडले. चिंतामण विनायक वैद्य यांनी त्याचा प्रतिवाद केला.

सरकारांच्या मतावरील सर्वांत सबळ आक्षेप ‘राधामाधवविलासचंपू’ या ग्रंथातून निघतो. जयराम पिंडे या कवीने शहाजीराजांच्या आश्रयाने रचलेला आणि वि. का. राजवाडे यांनी संपादित केलेला हा ग्रंथ शहाजींचे घराणे राणा वंशातील दलीप या पुरुषापर्यंत नेतो. शहाजीराजे १६६४ मध्ये निवर्तले. त्यामुळे मेवाडशी नाते सांगण्याची पद्धत राज्याभिषेकाच्या आधीपासून या घराण्यात होती, एवढे यावरून सिद्ध होते. ते नाते खरे होते काय, हा प्रश्न मात्र यातून सुटत नाही; आश्रयदात्याच्या कुळाची थोरवी गाणे हे दरबारी कवीचे कामच होते.

अडचण मधल्या पिढ्यांची आहे. मल्हार रामराव चिटणीस यांची सातारा येथे लिहिलेली बखर व तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातील १८०३ चा मराठी शिलालेख यांत बाबाजींच्या आधीची नामावली एकसारखी नाही. तंजावरचा लेख दुसरे सरफोजी यांच्या आज्ञेने कोरला गेला. भोसल्यांचा सविस्तर वंशेतिहास देणारा हा अतिशय दीर्घ शिलालेख आहे. परंतु दगडावर कोरलेला असला तरी तो बाबाजींनंतर दोन शतकांहून अधिक काळाने लिहिला गेला, हे अभ्यासकाला विसरता येत नाही.

मुधोळची फर्माने

मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांकडील फारसी फर्मानांनी ही रिकामी जागा भरून निघते, असे काही इतिहासकारांना वाटले. दत्तात्रय विष्णु आपटे यांनी १९३४ मध्ये ती प्रसिद्धीस आणली. बहमनी काळापासूनच्या या कागदांत घोरपडे व भोसले एकाच राजपूत मूळपुरुषाचे वंशज दिसतात. घोरपडीच्या साहाय्याने खेळणा किल्ला सर केल्यामुळे ‘घोरपडे’ हे नाव मिळाल्याचेही त्यांत आहे. या फर्मानांच्या अस्सलपणाबद्दल मतभेद आहेत. वतन व मानपान ज्या कागदावर अवलंबून असत तो कागद नंतर तयार केला जाण्याची शक्यता दक्षिणेच्या इतिहासात नेहमीच तपासावी लागते.

होयसळ-यादव मत

रामचंद्र चिंतामण ढेरे यांनी ‘शिखर शिंगणापूरचा श्रीशंभु महादेव’ या ग्रंथात वंशावळींऐवजी कुलदैवताचा माग घेतला. शिंगणापूरचा शंभू महादेव हे भोसल्यांचे कुलदैवत असून मालोजींनी तेथे तलाव बांधल्याचे ‘शिवभारत’ सांगते. आजच्या गदग जिल्ह्यातील सोरटूर येथून बळीप नावाचा पुरुष यादवकाळात शिंगणापूर परिसरात आला व तोच भोसल्यांचा मूळपुरुष होय, असे ढेरे यांचे प्रतिपादन आहे. ‘भोसले’ हे नाव ‘होयसळ’ या शब्दाशी जोडण्याचाही त्यांनी प्रयत्न केला. दैवतपरंपरेविषयीचे त्यांचे विवेचन भक्कम आहे. नामसाम्यावर आधारलेला भाग मात्र अनुमानाचा आहे. बळीपपासून बाबाजींपर्यंतची अखंड पिढीवार साखळी या मतातही मिळत नाही.

पुराव्याचे स्वरूप

याच घराण्यातील दुसरा प्रदीर्घ वाद, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा, तुलनेसाठी पाहण्यासारखा आहे. बखरींवरून १६२७ हे वर्ष रूढ होते. जेधे शकावली, ‘शिवभारत’ आणि जोधपूर येथे सापडलेली जन्मकुंडली ही एकमेकांवर अवलंबून नसलेली साधने फाल्गुन वद्य ३, शके १५५१ (१९ फेब्रुवारी १६३०) या तिथीवर एकत्र आली आणि जुने वर्ष मागे पडले. बाबाजींच्या पूर्वजांबाबत अशी स्वतंत्र व समकालीन साधने एका नावावर एकत्र येत नाहीत. नागपूरकर भोसले स्वतःला हिंगणीकर म्हणवत व सातारकरांशी एकच मूळ सांगत. या दोन शाखा नेमक्या कोणत्या पुरुषापाशी मिळतात, हा प्रश्नही त्याच कारणाने अनिर्णित आहे.