बगळ्याची साक्ष

शहरातील उद्यानाच्या तळ्याकाठी कॅमेरा रोखून बसलेली मंडळी पाहून आज कोणाला नवल वाटत नाही. बगळ्याचे छायाचित्र काढणे हा निरुपद्रवी छंद समजला जातो. तथापि अशाच छायाचित्रांनी एकेकाळी एका धनाढ्य व्यापाराविरुद्ध साक्ष दिली होती. तो इतिहास आम्ही आज श्रोत्यांपुढे ठेवीत आहो.

विणीच्या हंगामात बगळ्याच्या पाठीवर तलम, झुपकेदार पिसे येतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती युरोप-अमेरिकेतील स्त्रियांच्या टोप्यांवर मिरवू लागली आणि सोन्याहून महाग झाली. ही पिसे विणीच्या काळातच असतात. म्हणून शिकारी घरट्यापाशीच नेम धरीत. आईबाप मेले की पिले उपाशी मरत. १८८९ साली इंग्लंडात एमिली विल्यमसन व इतर स्त्रिया याविरुद्ध संघटित झाल्या. व्यापारी म्हणत, "ही तर गळलेली पिसे, आम्ही वेचून आणतो." पुरावा कोण देणार?

पुरावा ऑस्ट्रेलियातून आला. १९०६ साली आर्थर मॅटिंग्ले याने न्यू साउथ वेल्समधील मथूरा गावाजवळच्या दलदलीत बगळ्यांच्या वसाहतीची छायाचित्रे घेतली. पुढे शिकारी येऊन गेल्यावर मेलेले बगळे आणि घरट्यात भुकेने मरणारी पिलेही त्याने टिपली. १९०७ मध्ये ती पक्षिशास्त्राच्या एका नियतकालिकात छापली गेली. पण असे नियतकालिक वाचणारे किती? १९११ साली लंडनमध्ये, ऐन खरेदीच्या वस्तीतून, मजुरीने लावलेली माणसे छातीपाठीवर बगळ्यांच्या कहाणीचे फलक बांधून फिरली. साक्ष रस्त्यावर आली ती अशी!

मग व्यापाऱ्यांनी दुसरी ढाल पुढे केली: धंदा बुडाला तर कामगार खातील काय? आम्हां कामगार चळवळीतील माणसांना हे बोल पाठ आहेत. प्रश्न खोटा नव्हता. पिसांच्या कारखान्यांत गरीब स्त्रिया तुटपुंज्या मजुरीवर राबत होत्या. पण मजुरी वाढवण्याची वेळ आली की ज्यांना कामगाराचे पोट दिसत नाही, त्यांना कायदा दारी येताच ते दिसू लागते, हे कसे? कामगाराला दुसरे काम देता येते; मारलेला बगळा परत आणता येत नाही.

हिंदुस्थानातून पिसांच्या निर्यातीस १९०२ सालीच बंदी झाली होती. तरी चोरटा माल जातच राहिला, कारण लंडनची बाजारपेठ उघडी होती. पिसांच्या आयातीवर बंदी घालणारा ब्रिटिश कायदा १९२१ साली झाला. छायाचित्रापासून कायद्यापर्यंत १५ वर्षे लागली. कॅमेऱ्याने सत्य पकडले खरे; पण ते चव्हाट्यावर मांडणारी आणि वर्षानुवर्षे न थकता लावून धरणारी माणसे नसती, तर ती छायाचित्रे कपाटातच पिवळी पडली असती.