प्लेको

लोरिकॅरिइडी या मार्जारमीन कुलातल्या, खालच्या बाजूला चोषक तोंड आणि अंगावर हाडांच्या पट्टिका असलेल्या गोड्या पाण्यातील माशांना शोभिवंत माशांच्या व्यापारात प्लेको म्हणतात. महाराष्ट्रातल्या दुकानांत तो ‘सकर’ किंवा ‘सकर फिश’ या नावाने मागितला जातो. मूळ प्रदेश दक्षिण अमेरिका, पनामा व कोस्टा रिका. जाती हजाराच्या घरात आहेत. शास्त्रीय नाव मिळण्याआधीच अनेक जाती बाजारात पोहोचू लागल्या, तेव्हा ‘डाट्झ’ या जर्मन मासिकाने १९८८ पासून त्यांना ‘एल’ क्रमांक द्यायला सुरुवात केली. ब्राझीलच्या शिंगू नदीतला काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा झेब्रा प्लेको एल ०४६ या क्रमांकाने ओळखला जातो.

टाकी साफ ठेवणारा मासा म्हणून प्लेको विकला जातो, आणि त्याच्या बहुतेक हालांचे मूळ या ख्यातीत आहे. काचेवरचे कोवळे हिरवे शेवाळ तो खरवडतो हे खरे. पण काळे केसाळ शेवाळ, इतर माशांची विष्ठा किंवा तळाचा गाळ तो साफ करत नाही. उलट स्वतः लांब दोरीसारखी भरपूर विष्ठा टाकतो, त्यामुळे फिल्टरवरचा भार वाढतो. शेवाळावर जगेल या भरवशावर टाकीत सोडलेला प्लेको काही आठवड्यांत उपाशी पडतो.

जातीची निवड : दुकानात पाच-सात सेंमी. लांबीचा, तपकिरी ठिपक्यांचा जो सकर स्वस्तात मिळतो तो बहुधा टेरिगोप्लिक्थिस प्रजातीतला असतो. तो ४० सेंमी.च्या पुढे वाढतो आणि दहा-पंधरा वर्षे सहज जगतो. त्याला ५०० लिटरहून मोठी टाकी लागते, म्हणजे फ्लॅटमधल्या नेहमीच्या दोन-तीन फुटी टाकीत त्याला जागा नाही. टाकी लहान असली की मासाही लहान राहतो, हे दुकानदारांचे सांगणे फसवे आहे. अशा माशाची वाढ खुंटते आणि आयुष्य घटते. घरासाठी योग्य जात ॲन्सिस्ट्रस, म्हणजे ब्रिसलनोज. ही १२ ते १५ सेंमी.वर थांबते, सुमारे १०० लिटरच्या टाकीत सुखाने राहते आणि शेवाळही मोठ्या सकरपेक्षा मन लावून खाते. प्रौढ नराच्या नाकाडावर फाटे फुटलेल्या मिशा असतात. मादीला त्या नसतात किंवा अगदी आखूड असतात. घेताना पोट पाहावे. खोल गेलेले पोट आणि आत ओढलेले डोळे ही दीर्घ उपासमारीची खूण आहे. असा मासा पुष्कळदा वाचत नाही.

आहार : प्लेको निशाचर आहे. त्याचे खाणे दिवे मालवल्यावर टाकावे, नाहीतर ते इतर मासे फस्त करतात. रोजच्या आहाराला तळाशी बुडणाऱ्या शेवाळाच्या वड्या (दुकानात ‘अल्गी वेफर’) पुरतात, पण जोडीला भाजी हवी. काकडी, दुधी, झुकिनी, सोललेला मटार, पालक यांपैकी काहीही चालते. दुधी व मटार दोन-तीन मिनिटे उकळून मऊ करावेत, पालक गरम पाण्यातून काढावा, मीठ-मसाला अर्थातच नको. भाजी तरंगू नये म्हणून स्टीलच्या चमच्याला टोचून सोडण्याची युक्ती बरेच जण वापरतात. उरलेला तुकडा दुसऱ्या सकाळी न चुकता काढावा; कुजलेली भाजी एका दिवसात पाणी नासवते. बाजारातली भाजी फवारलेली असते, तेव्हा ती नीट धुवावी आणि काकडी सोलून द्यावी.

आठवड्यातून एक-दोनदा कोळंबीचा बारीक तुकडा किंवा गोठवलेल्या रक्तअळ्या द्याव्यात. मात्र सर्व प्लेको शाकाहारी आहेत हे गृहीत धरू नये. झेब्रा व त्याच्या हायपॅन्सिस्ट्रस प्रजातीतले इतर मासे मुख्यतः मांसान्नावर जगतात. पॅनाक प्रजातीतले चमच्याच्या आकाराच्या दातांनी लाकूड कोरतात. लाकडातला सेल्युलोज मात्र त्यांना फारसा पचत नाही; त्यांचे पोषण कुजणाऱ्या लाकडातल्या सूक्ष्मजीवांवर आणि सुट्या सेंद्रिय कणांवर होते. ब्रिसलनोजच्या टाकीतही लाकडाचा ओंडका ठेवावा, कारण तो चरण्याची आणि लपण्याची जागा होतो. नवा ओंडका आठवडाभर भिजवून, पाणी बदलत राहून मग टाकीत घालावा. त्यानंतरही काही दिवस पाण्याला कोऱ्या चहासारखा रंग येतो. तो निरुपद्रवी आहे.

भुकेला मोठा सकर रात्री डिस्कस किंवा गोल्डफिशसारख्या सावकाश, रुंद अंगाच्या माशांना चिकटून त्यांच्या अंगावरचा श्लेष्मा खरवडतो. त्या जागी जखम होते व बुरशी धरते. दोष माशाच्या स्वभावापेक्षा त्याला उपाशी ठेवणाऱ्या मालकाकडे जास्त जातो.

पाणी व निगा : तापमान २४ ते २८ अंश से., सामू ६.५ ते ७.५, अमोनिया शून्य. आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदलावे आणि नळाच्या पाण्यातले क्लोरीन आधी घालवावे. टेरिगोप्लिक्थिस पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो व जठरातून प्राणवायू शोषतो. अधूनमधून असे होणे स्वाभाविक आहे. पण मासा वारंवार वर येत असेल तर पाण्यात प्राणवायू कमी पडतो आहे असे समजावे. वीज तासन्‌तास जाणाऱ्या गावात बॅटरीवर चालणारा हवापंप घरात असावा. तांबेयुक्त औषधे प्लेकोला बाधतात, ती टाळावीत. पकडताना जाळी वापरू नये. परांचे काटे तिच्यात अडकतात आणि सोडवताना मासा जखमी होतो. डबा आडवा धरून मासा त्यात घ्यावा.

प्रजोत्पादन : ब्रिसलनोज घरी सहज पिल्ले देतो. अरुंद मातीची नळी किंवा अर्धा नारळ एवढी गुहा पुरते. मादी नारिंगी अंडी चिकटवून निघून जाते. नर परांनी पाणी खेळवत राखण करतो. अंडी सुमारे आठवड्याभरात फुटतात. मोठा सकर अंड्यांसाठी काठाच्या मातीत लांब बिळे खणतो, म्हणून तो काचेच्या टाकीत प्रजनन करत नाही.

सुटका आणि उपद्रव : मासा मोठा झाला की तो तळ्यात सोडण्याची पद्धत फार महागात पडली आहे. मेक्सिकोच्या इन्फिएर्निल्यो जलाशयात टेरिगोप्लिक्थिसमुळे तिलापियाची मासेमारी कोलमडली. भारतात केरळ, तमिळनाडू, आंध्र प्रदेश, पश्चिम बंगालच्या जलाशयांत तो पसरला आहे, आणि महाराष्ट्रात उजनीच्या जलाशयातही मच्छीमारांच्या जाळ्यात येतो. काटेरी कवचामुळे जाळी फाटतात, त्याला खाणारा शिकारी मासा आपल्याकडे जवळजवळ नाही आणि बाजारात त्याला भाव नाही. नको झालेला प्लेको दुकानात परत द्यावा किंवा मोठी टाकी असलेल्या पाळणाऱ्याला द्यावा. नदी, तलाव, विहीर किंवा विसर्जनाच्या हौदात कधीही सोडू नये.