मत्स्यनामांचा निर्णय आणि माशांचे कर्णाश्म

जुन्या ग्रंथांत माशांचीं नांवें पुष्कळ येतात; पण त्या नांवाचा मासा नक्की कोणता हें ठरविण्याचा प्रसंग आला म्हणजे कोशांचा आधार लवकरच सुटतो. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत पाठीन व रोहित हे हव्यकव्यास योग्य म्हणून सांगितले आहेत, आणि त्यांच्याच जोडीस सर्व सशल्क, म्हणजे खवल्यांचे, मासे भक्ष्य गणले आहेत. अमरकोश पाठीनास सहस्रदंष्ट्र म्हणतो. हिंदी मुलुखांत 'पढिन' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या माशाच्या जबड्यांत बारीक दातांची दाटी असते खरी. परंतु त्याच्या अंगावर खवला एकहि नसतो. तेव्हां पाठीन हा अपवाद मानावयाचा, कीं हें नांव पूर्वीं दुसऱ्याच माशाचें होतें?

रोहिताचीहि तीच गत. आजचा रोहू मूळचा गंगेच्या खोऱ्यांतला व उत्तरेकडील इतर नद्यांतला; दक्षिणेंतील कित्येक नद्यांत त्याचें बीज मागाहून नेऊन सोडलें आहे. मग एखाद्या दाक्षिणात्य ग्रंथांत रोहित आला, तर तो हाच कशावरून? चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासांत (सुमारें इ. स. ११३१) मत्स्यविनोद म्हणून प्रकरण आहे. त्यांत समुद्रांतले व नदींतले, खवल्यांचे व बिनखवल्यांचे असे भेद केले आहेत. पण तेथील नांवें आजच्या माशांना लावतांना हाच प्रश्न उभा राहतो.

अर्वाचीन शास्त्रहि यांतून सुटलें नाहीं. हॅमिल्टननें १८२२ सालीं गंगेकडील एका मिशाळ माशाचें वर्णन केलें. कर्नल साईक्सनें १८३९ सालीं दख्खनच्या माशांचें वर्णन करतांना तशाच एका माशास आपलें 'शिंगटी' हें मराठी नांव शास्त्रीय नांवांत गोंवून दिलें. पुढें दीर्घकाळ हे दोन्ही एकच मानले गेले; अलीकडे शिंगटी पुनः निराळी जात ठरली आहे. हातांत घेतलेले मासे जेथें असे फसवितात, तेथें पोथींतल्या शब्दाची काय कथा!

अशा वेळीं एक मूक साक्षीदार उपयोगी पडतो. माशाच्या कानांत प्रत्येक बाजूस तीन बारीक खडे असतात. लोक त्यांस कानाचें हाड म्हणतात, पण तें हाड नव्हे. चुन्याचा खडा आहे. आम्ही त्यास कर्णाश्म म्हणूं. युनानी वैद्यकांत मूतखड्यावर दिला जाणारा 'संगे सरमाही' तो हाच. यांवर थरावर थर चढत जातात. त्यांवरून माशाचें वय काढण्याची रीत राइबिश यानें १८९९ सालीं दाखविली. लॅटिनमध्यें त्या तिघांस बाण, लहान तारा व लहान खडा अशा अर्थाचीं नांवें आहेत. मरळीच्या कुळांत बाण मोठा, रोहू-कटल्याच्या कुळांत तारा मोठा, आणि शिंगटी-पढिनांसारख्या मिशाळ माशांत खडा मोठा असतो. कुळ येथेंच ठरतें. पुढें कडेच्या खांचा, मधली चर व लांबी-रुंदीचें प्रमाण यांवरून जवळच्या जातीहि पुष्कळदां निवडतां येतात.

पुराभिलेखांत अक्षराच्या वळणावरून काळ ठरवितात, तसाच हा प्रकार; आणि त्यास तशाच मर्यादाहि आहेत. लहान पिलांचे खडे एकमेकांसारखे दिसतात, व वय आणि पाणी यांप्रमाणें आकार बदलतो. म्हणून हल्लीं बाह्यरेषेचें गणित मांडून अनेक नमुने ताडून पाहतात. आम्लधर्मी मातींत खडा विरून जातो. शिवाय खडा मासा सांगतो, नांव सांगत नाहीं. नांव ग्रंथांतून व कोळ्या-ढिवरांच्या तोंडूनच मिळावयाचें.

म्हणून दोन्ही टोंकें जुळविलीं पाहिजेत. आमचें चिखला तुमसर तालुक्यांत, मँगनीजच्या खाणींचें गांव. पण भंडारा जिल्हा मुख्यतः तलावांचा. कोहळ्यांनीं बांधलेल्या मामा तलावांवर व वैनगंगेवर जाळें टाकणारा ढिवर प्रत्येक माशाचें नांव सांगतो. तें नांव, गांव, तारीख आणि त्याच माशाच्या डोक्यांतले खडे एका पुडींत ठेवले, तर तो एक अस्सल कागदच होय. दुसरें टोंक जमिनींत आहे. याच जिल्ह्यांत पवनी येथें १९६९-७० सालीं उत्खनन होऊन प्राचीन स्तूप उजेडांत आला. अशा ठिकाणीं पुढें जें खोदकाम होईल, त्यांतील माती बारीक चाळणीनें चाळली पाहिजे. कारण हे खडे बहुधा कांहीं मिलिमीटरांचेच असतात, आणि एकदां ढिगाऱ्यांत गेले कीं गेले. एखाद्या शतकाच्या थरांत रोहूचा तारा सांपडला, तर त्या नदींत त्या काळीं तो मासा होता हें ठरेल, व तेथील ग्रंथांतल्या रोहिताचा अर्थ लावण्यास पाया मिळेल.

आमच्या संग्राहक बंधूंस विनंति एवढीच कीं, पोथ्यांच्या शोधांत गांवोगांव फिरतांना या पुड्याहि बांधाव्या. जुनीं नांवें जाणणारे ढिवर म्हातारे होत चालले आहेत, आणि पोथी जशी वाळवीची वाट पाहत नाहीं, तसें हें ज्ञानहि आपली वाट पाहत बसणार नाहीं.