ऊती-दुरुस्तीच्या संशोधनातील संश्लेषित पेप्टाइडे

अमिनो आम्लांचे रेणू एकापुढे एक जोडले जाऊन बनलेल्या, प्रथिनापेक्षा आखूड असलेल्या साखळीला पेप्टाइड म्हणतात आणि ती सजीवातून न काढता रासायनिक रीतीने घडवली असल्यास तिला संश्लेषित म्हणतात. जखम भरताना पेशी कुठे सरकाव्यात, कशाला चिकटाव्यात, हे प्रथिनांच्या संकेतांवर ठरते. त्या प्रथिनाचा नेमका कार्यकारी तुकडा तेवढाच वापरून काम साधेल का, हा या संशोधनाचा गाभा होय. फायब्रोनेक्टिन या मोठ्या प्रथिनाला पेशी ज्या जागी चिकटतात, ती जागा अवघ्या काही अमिनो आम्लांची आहे, असे १९८४ मध्ये दिसून आले, तेव्हा या प्रश्नाला बळ मिळाले.

असे तुकडे हवे तसे घडवण्याची सोय ब्रूस मेरिफील्ड यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या पद्धतीने झाली. तीत पहिले अमिनो आम्ल रेझिनच्या बारीक मण्यांवर बांधतात, पुढचे एकेक जोडत उरलेली रसायने दर वेळी धुऊन टाकतात आणि शेवटी पूर्ण साखळी मण्यांपासून सोडवून, शुद्ध करून, गोठवून सुकवतात. हाती येते ती पांढरी भुकटी. तिची पहिली चाचणी साधी असते : बशीत वाढवलेल्या पेशींच्या थरावर पिपेटच्या टोकाने ओरखडा काढतात आणि तो किती वेळात बुजतो हे सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात.

मुंबईत परळ येथील राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेत या विषयाच्या एका महत्त्वाच्या शाखेचे काम झाले आहे. सुझन इडिकुला-थॉमस व सहकाऱ्यांनी तेथे ‘कॅम्प’ हा सूक्ष्मजीवरोधी पेप्टाइडांचा संगणकीय संग्रह उभारला. २०१० मध्ये त्यात ३,७८२ साखळ्या होत्या. त्याच्या चौथ्या आवृत्तीत ११,८२७ नैसर्गिक व १२,४१६ संश्लेषित साखळ्यांची माहिती आहे. चिघळलेली जखम जंतुसंसर्गामुळे भरत नाही आणि मानवी त्वचेतील एलएल-३७ हे सदतीस अमिनो आम्लांचे पेप्टाइड जंतू मारण्याबरोबरच त्वचेच्या पेशींच्या स्थलांतरासही चालना देते, म्हणून असा संग्रह ऊती-दुरुस्तीच्या अभ्यासकालाही उपयोगी पडतो. त्यात जंतूंची वाढ रोखणाऱ्या किमान मात्रेसोबत तांबड्या रक्तपेशी फोडणारी मात्राही दिली आहे, ही त्याची विशेष मोलाची बाब, कारण जंतूंबरोबर रुग्णाच्या पेशीही फोडणारे पेप्टाइड औषध म्हणून निरुपयोगी ठरते.

बशीतील यश माणसाच्या जखमेपर्यंत क्वचितच पोहोचते. जखमेतील विकरे आखूड साखळ्या लवकर तोडतात. शिवाय उंदराची जखम मुख्यतः कातडी आकसून मिटते, तर माणसाची बरीचशी नवी ऊती भरून येऊन मिटते, त्यामुळे प्राण्यांवरील निष्कर्ष सावधपणेच वाचावे लागतात. ‘केवळ संशोधनासाठी’ असे लिहिलेल्या कुप्यांतून विकले जाणारे, पंधरा अमिनो आम्लांचे बीपीसी-१५७ हे याचे ठळक उदाहरण असून त्यावरील बहुतेक पुरावा उंदीर-घुशींपुरताच आहे, म्हणून ते स्वतःच्या शरीरात टोचून घेणे सर्वथा गैर आहे. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २०२२ पासून खेळाडूंना त्याची बंदी केली आहे.