गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन का वाढत नाही?

खजूर, पालेभाज्या, नागलीची भाकरी आणि जोडीला लोहाच्या गोळ्या, असे सारे उपाय करूनही हिमोग्लोबिन वाढत नाही, अशी अनेक स्त्रियांची तक्रार असते. नाशिकमध्ये सततचा थकवा कामाच्या ताणावर आणि अंगात भरणारी हुडहुडी निफाडकडच्या थंडीवर ढकलली जाते. या दोन्हींमागे मंदावलेली थायरॉईड ग्रंथी असू शकते, हे मात्र सहसा लक्षात येत नाही.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. थायरॉईडची न्यूनताही पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्येच अधिक दिसते. साहजिकच हे दोन्ही विकार एकाच स्त्रीमध्ये एकत्र आढळणे दुर्मीळ नाही.

गळ्याच्या पुढील भागात असलेली ही ग्रंथी शरीरातील चयापचयाचा वेग ठरविते. तिचे संप्रेरक कमी पडले की पेशींची प्राणवायूची गरज घटते. त्यामुळे मूत्रपिंडातून स्रवणारे, तांबड्या पेशींच्या निर्मितीस चालना देणारे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक कमी होते आणि अस्थिमज्जेचे काम मंदावते. अशा रक्तक्षयात पेशींचा आकार बहुधा सर्वसाधारण असतो. केवळ त्यांची संख्या घटते.

याखेरीज आणखी दोन वाटांनी रक्त कमी होते. थायरॉईडच्या न्यूनतेत मासिक स्राव जास्त होऊ शकतो, तसेच जठरातील आम्ल कमी झाल्यास लोहाचे शोषण नीट होत नाही. अशा वेळी पेशी लहान व फिकट होतात. दुसरे म्हणजे, शरीराची प्रतिकारयंत्रणा थायरॉईडवर उलटलेली असेल, तर काही रुग्णांमध्ये ती जठरावरही हल्ला करते. मग ब-१२ जीवनसत्त्व शोषले जात नाही आणि पेशी आकाराने मोठ्या होतात.

हा संबंध उलट दिशेनेही असतो. थायरॉईडचे संप्रेरक तयार करणाऱ्या विकराला लोहाची गरज असते. म्हणून लोहाची कमतरता ग्रंथीच्या कामातही अडथळा आणते.

स्त्रियांमध्ये हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी (गर्भवतींमध्ये ११ पेक्षा कमी) असेल आणि उपचारांनी ते वाढत नसेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने टीएसएच, फेरिटिन व ब-१२ या तपासण्या कराव्यात. वजन वाढणे, बद्धकोष्ठता, केस गळणे, त्वचा कोरडी पडणे ही लक्षणे सोबत असल्यास टीएसएचची तपासणी टाळू नये. अर्थात, प्रत्येक रक्तक्षयाचे मूळ थायरॉईडमध्ये नसते. सिकलसेल, थॅलेसेमिया किंवा पोटातील रक्तस्राव ही कारणेही तपासावी लागतात.

उपचार सुरू झाल्यावर एक चूक हमखास होते. थायरॉईडची आणि लोहाची गोळी एकाच वेळी घेतली जाते. लोहामुळे थायरॉईडच्या औषधाचे शोषण घटते, म्हणून दोहोंत किमान चार तासांचे अंतर हवे. थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्यासोबत घ्यावी आणि चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने करावा. लोहाची गोळीही चहासोबत घेऊ नये.

तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. त्यामुळे थायरॉईड आटोक्यात आला तरी हिमोग्लोबिन पूर्ववत होण्यास काही महिने लागतात. आठवडाभरात फरक दिसला नाही म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नयेत.