मदरबोर्डची निवड

मदरबोर्डची निवड हा सुटे भाग जोडून डेस्कटॉप संगणक तयार करण्याच्या प्रक्रियेतील एक महत्त्वाचा टप्पा आहे. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड, साठवणूक साधने आणि वीजपुरवठा हे सर्व घटक मदरबोर्डवर एकत्र येतात. त्यामुळे इतर कोणते भाग बसतील, ते किती वेगाने चालतील आणि पुढे संगणकाची क्षमता कितपत वाढवता येईल, हे बऱ्याच अंशी मदरबोर्डवरून ठरते. संगणकाचा वेग मात्र प्रामुख्याने प्रोसेसर, रॅम व ग्राफिक्स कार्ड यांवर अवलंबून असतो. म्हणून महागडा मदरबोर्ड घेतल्याने संगणक आपोआप वेगवान होत नाही. चुकीचा मदरबोर्ड घेतल्यास मात्र इतर भागांवरील खर्चही वाया जाऊ शकतो.

पार्श्वभूमी

आयबीएम कंपनीने १९८१ मध्ये बाजारात आणलेल्या वैयक्तिक संगणकाच्या मदरबोर्डवर विस्तारासाठी पाच खाचा होत्या. इतर उत्पादकांना या खाचांत बसणारी कार्डे तयार करता आली आणि सुट्या भागांची बाजारपेठ वाढीस लागली. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे मानक प्रसिद्ध केले. मदरबोर्डचा आकार, स्क्रूच्या छिद्रांच्या जागा, मागील जोडण्यांची चौकट आणि वीजजोडणी यांत त्यामुळे एकवाक्यता आली. वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग आज एकाच कॅबिनेटमध्ये बसू शकतात, ते या मानकामुळेच.

प्रोसेसर आणि सॉकेट

सामान्यतः प्रथम प्रोसेसर ठरवला जातो व त्यास अनुरूप मदरबोर्ड निवडला जातो. प्रोसेसर ज्या जागी बसतो त्यास सॉकेट म्हणतात. इंटेलच्या १२व्या, १३व्या व १४व्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसरांसाठी एलजीए १७०० हे सॉकेट आहे, तर २०२४ मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेसाठी एलजीए १८५१ आहे. एएमडीचे एएम४ हे सॉकेट २०१६ मध्ये, तर एएम५ हे २०२२ मध्ये आले. एका सॉकेटचा प्रोसेसर दुसऱ्या सॉकेटमध्ये बसत नाही.

केवळ सॉकेट जुळणे पुरेसे नसते. एलजीए ११५१ या सॉकेटच्या दोन आवृत्त्यांत संपर्कबिंदूंची संख्या सारखीच होती. तरीही इंटेलच्या ८व्या पिढीतील प्रोसेसर १०० व २०० मालिकेच्या मदरबोर्डवर चालत नसत, त्यांना ३०० मालिका आवश्यक होती. त्यामुळे उत्पादकाच्या संकेतस्थळावरील सुसंगत प्रोसेसरांची यादी तपासणे हा निवडीतील विश्वासार्ह मार्ग मानला जातो.

चिपसेट

प्रोसेसर आणि यूएसबी, साटा, नेटवर्क यांसारख्या जोडण्या यांच्यामधील दळणवळण चिपसेट सांभाळतो. एकाच सॉकेटसाठी अनेक चिपसेट उपलब्ध असतात. एलजीए १७०० साठी एच६१०, बी७६० व झेड७९०, तर एएम५ साठी ए६२०, बी६५० व एक्स६७० ही त्यांची उदाहरणे होत. इंटेलच्या बाबतीत प्रोसेसरचे ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे ठरावीक वेगापेक्षा अधिक वेगाने तो चालवणे, झेड मालिकेच्या चिपसेटवर अधिकृतपणे करता येते. एएमडीचा बी६५० ही सुविधा देतो, ए६२० देत नाही. ज्यांना ओव्हरक्लॉकिंग करावयाचे नाही, त्यांच्यासाठी बी मालिकेचे मदरबोर्ड बहुधा पुरेसे ठरतात.

आकार

मदरबोर्डचा आकार कॅबिनेटशी जुळावा लागतो. प्रचलित आकार पुढीलप्रमाणे आहेत:

• एटीएक्स: ३०५ × २४४ मिमी; रॅमच्या सहसा चार खाचा व अनेक विस्तार खाचा.
• मायक्रो-एटीएक्स: कमाल २४४ × २४४ मिमी, रॅमच्या दोन किंवा चार खाचा.
• मिनी-आयटीएक्स: १७० × १७० मिमी, रॅमच्या सहसा दोन खाचा व एकच विस्तार खाच.

मोठ्या कॅबिनेटमध्ये लहान मदरबोर्ड सहसा बसतो. याच्या उलट शक्य नसते. आकार लहान असला म्हणजे किंमत कमी असेलच असे नाही. मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड अनेकदा तुल्य मायक्रो-एटीएक्सपेक्षा महाग असतात.

वीजनियमन

पॉवर सप्लायकडून प्रोसेसरसाठी येणारा १२ व्होल्टचा पुरवठा प्रोसेसरला लागणाऱ्या सुमारे १ ते १.४ व्होल्टपर्यंत खाली आणण्याचे काम मदरबोर्डवरील व्हीआरएम हे परिपथ करतात. १५० वॉट घेणाऱ्या प्रोसेसरला १.२ व्होल्टवर १२५ अँपिअर इतका विद्युतप्रवाह लागतो. एवढा प्रवाह पुरवताना परिपथ तापतात. ते फार तापल्यास संरक्षणासाठी प्रोसेसरचा वेग कमी केला जातो आणि घेतलेली क्षमता पूर्णपणे वापरता येत नाही.

कोअर आय३-१२१०० ची कमाल टर्बो शक्ती ८९ वॉट, तर कोअर आय९-१४९००के ची २५३ वॉट आहे. पहिल्यासाठी साधा मदरबोर्ड चालतो. दुसऱ्यासाठी सक्षम व्हीआरएम व त्यावर धातूचे उष्णताशोषक असणे गरजेचे ठरते.

रॅम

डीडीआर४ व डीडीआर५ या दोन्हींच्या पट्ट्यांना २८८ संपर्कबिंदू असले, तरी त्यांतील खाचेची जागा वेगळी असते. त्यामुळे एक प्रकार दुसऱ्याच्या जागी बसत नाही. एएम४ वर डीडीआर४, तर एएम५ व एलजीए १८५१ वर डीडीआर५ वापरतात. एलजीए १७०० चे मदरबोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतात, म्हणून नावातील सूक्ष्म फरक पाहणे आवश्यक असते.

८ जीबीच्या दोन पट्ट्या दुहेरी वाहिनीत लावल्यास १६ जीबीच्या एका पट्टीपेक्षा प्रोसेसर आणि रॅममधील माहितीवहनाची क्षमता अधिक मिळते. चार खाचांच्या मदरबोर्डवर दोन पट्ट्या सहसा प्रोसेसरपासूनच्या दुसऱ्या व चौथ्या खाचेत बसवतात.

विस्तार आणि साठवणूक

पीसीआय एक्स्प्रेसच्या ३.० आवृत्तीत प्रत्येक मार्गिकेचा वेग एका दिशेने सेकंदाला सुमारे १ जीबी, ४.० मध्ये २ जीबी व ५.० मध्ये ४ जीबी असतो. लांब दिसणाऱ्या प्रत्येक खाचेत १६ मार्गिका असतातच असे नाही. दुसऱ्या खाचेत अनेकदा चारच मार्गिका जोडलेल्या असतात.

एम.२ खाचेत बसणाऱ्या एसएसडीवरील २२८० हा आकडा २२ मिमी रुंदी व ८० मिमी लांबी दर्शवतो. काही मदरबोर्डांवर विशिष्ट एम.२ खाच वापरल्यास एक-दोन साटा जोडण्या बंद होतात. याची नोंद माहितीपुस्तिकेत असते.

बायॉस

मदरबोर्डनंतर बाजारात आलेला प्रोसेसर चालवण्यासाठी बायॉस अद्ययावत करावा लागू शकतो. जुना बायॉस असलेला बी६५० मदरबोर्ड रायझन ९००० मालिकेचा प्रोसेसर ओळखत नाही. बायॉस फ्लॅशबॅक सुविधा असल्यास प्रोसेसर न बसवताही पेनड्राइव्हद्वारे हे काम करता येते. अन्यथा जुना प्रोसेसर किंवा विक्रेत्याची मदत लागते. इंटेलच्या १३व्या व १४व्या पिढीतील काही प्रोसेसर अस्थिर होत असल्याचे २०२४ मध्ये उघड झाले, तेव्हा त्यावरील उपायही बायॉसच्या माध्यमातूनच देण्यात आला.

जोडण्या

मदरबोर्डवरील एचडीएमआय व डिस्प्लेपोर्ट जोडण्या प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स असेल तरच चालतात. नावाच्या शेवटी एफ असलेल्या इंटेल प्रोसेसरांत ते नसते; त्यांना स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड लागते. वाय-फाय, यूएसबी जोडण्यांची संख्या आणि कॅबिनेटच्या दर्शनी भागातील टाइप-सी जोडणीसाठी मदरबोर्डवर लागणारी जागा यांचीही आधी खात्री केली जाते.

भारतातील खरेदी

मुंबईतील लॅमिंग्टन रोड, दिल्लीतील नेहरू प्लेस व बंगळूरमधील एस. पी. रोड या सुट्या भागांच्या प्रसिद्ध बाजारपेठा आहेत. भारतीय बाजारात २०११ मधील एच६१ चिपसेटवर आधारित मदरबोर्ड नवे म्हणून विकले जातात. त्यांवर इंटेलच्या दुसऱ्या व तिसऱ्या पिढीतील वापरलेले प्रोसेसर बसवून तयार केलेले संगणक केवळ ‘आय५’ किंवा ‘आय७’ असे सांगून स्वस्तात दिले जातात. विंडोज ११ च्या अधिकृत सुसंगत प्रोसेसरांत या पिढ्यांचा समावेश नाही. म्हणून प्रोसेसरची पिढी व चिपसेटचे नाव बिलावर लिहून घेणे ग्राहकाच्या हिताचे असते.

हमीसाठी मदरबोर्डचा अनुक्रमांक बिलाशी जुळावा लागतो. एलजीए प्रकारच्या सॉकेटमधील नाजूक पिना वाकल्यास ते भौतिक नुकसान समजले जाते व सहसा हमीत येत नाही. त्यामुळे खोके उघडताना पिना तपासून घेणे आणि सॉकेटवरील प्लॅस्टिकचे झाकण जपून ठेवणे इष्ट असते.

हेही पाहा

• मध्यवर्ती प्रक्रिया एकक
• रॅम
• ग्राफिक्स कार्ड
• बायॉस