तळहाताला घाम : लोशन, पाण्यातला करंट की थेट ऑपरेशन?

इंदूर : कोचिंगला जाणाऱ्या मुलाची ओएमआर शीट ओली होते, सराफ्यातल्या कारागिराच्या हातातून चिमटा निसटतो, बायोमेट्रिक मशीनवर अंगठा उमटत नाही. कुणी हात मिळवायला पुढे आला की आधी आपला हात पँटला पुसायचा. घरचे म्हणतात, घाबरतोस कशाला! पण हा भित्रेपणा नाही. डॉक्टरी भाषेत याला पामर हायपरहायड्रोसिस म्हणतात. घामाच्या ग्रंथी ठणठणीत असतात, त्यांना हुकूम देणाऱ्या सिम्पथेटिक नसाच जास्त जोरात काम करतात. त्रास बहुधा लहानपणी किंवा वयात येताना सुरू होतो, घरात आणखी कुणाला असतो, आणि झोपेत थांबतो. रात्री अंथरूण भिजतंय, वजन उतरतंय किंवा छाती धडधडतेय, तर मामला वेगळा. मग थायरॉइड, साखर, टीबी आधी तपासून घ्यावं.

उपचारांत सगळ्यात स्वस्त म्हणजे अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचं लोशन, साधारण २० टक्क्यांचं. रात्री हात पूर्ण कोरडे करून लावायचं, सकाळी धुवायचं. ओल्या हाताला लावलं तर आग होते. तळहाताची कातडी जाड, त्यामुळे काखेत जितका गुण येतो तितका इथं येत नाही. घरोघरी चालणारी तुरटीही अ‍ॅल्युमिनियमचाच क्षार आहे, पण या औषधाची बरोबरी ती करत नाही.

लोशननं भागलं नाही तर आयंटोफोरेसिस. नाव अवघड, काम साधं : नळाच्या पाण्याच्या ट्रेमध्ये हात ठेवून त्यातून सौम्य करंट सोडतात. एका बैठकीला २०-३० मिनिटं, सुरुवातीला आठवड्यातून तीनेक वेळा. काही आठवड्यांत फरक दिसतो, पण बंद केलं की घाम परत येतो, म्हणून मधूनमधून चालू ठेवावं लागतं. पेसमेकर असलेल्यांनी आणि गरोदर बाईनं हे करू नये. घरगुती अ‍ॅडॅप्टरच्या वायरी जोडून जुगाड तर अजिबात नको.

ग्लायकोपायरोलेट, ऑक्सिब्युटिनिन या गोळ्या अंगभर घाम कमी करतात. तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतो, काहींना धूसर दिसतं. आणि इंदूर काय, खंडवा-बऱ्हाणपूर काय, मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा घाम अडला तर अंगातली उष्णता बाहेर पडणार कशी? उन्हात काम करणाऱ्यानं ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

बोटॉक्सचा गुण चांगला, पण खर्च मोठा. प्रत्येक तळव्यात कितीतरी ठिकाणी सुई टोचतात, म्हणून आधी हात बधिर करावा लागतो. परिणाम चार-सहा महिने टिकतो. मधले काही आठवडे चिमटीतला जोर कमी होऊ शकतो. बारीक काम करणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं.

राहिलं ऑपरेशन, आणि ‘कायमचा इलाज’ म्हणून लोक आधी तेच विचारतात. पूर्ण भूल देऊन काखेखालच्या छोट्या छिद्रांतून दुर्बीण घालतात आणि छातीतली सिम्पथेटिक नस कापतात किंवा क्लिप लावून दाबतात. हात बहुतेकांचे लगेच कोरडे होतात. पण पुष्कळांना त्यानंतर पाठ, पोट, मांड्यांना जास्त घाम येऊ लागतो. कुणाला किती येईल, हे आधी सांगता येत नाही. काहींचा तर दिवसातून दोनदा शर्ट बदलतो आणि ‘हातच बरे होते’ म्हणायची वेळ येते. कापलेली नस जोडून पूर्ववत होत नाही; क्लिप काढली तरी खात्री नाही. पापणी खाली येणं, फुप्फुसाभोवती हवा भरणं हे धोके क्वचितचे, पण खरे.

म्हणून पहिली चिठ्ठी सर्जनची नाही, त्वचारोगतज्ज्ञाची काढावी. इंदूरला एमजीएम मेडिकल कॉलेजच्या एमवाय रुग्णालयात हा विभाग आहे. आणि पुढे कधी ऑपरेशनची गोष्ट निघालीच, तर सही करण्याआधी सर्जनला एवढं विचारावं : घाम पाठीवर गेला तर तुमच्याकडे त्यावर काय आहे?